नवी विंग नकाशात नाही, अग्निशमन दल येईल तेव्हा?

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीत चौथीत आहे. शाळेला गेल्या वर्षी नवी विंग जोडली, पण ऑफिसबाहेरच्या नकाशात ती नाहीच. तिच्या वर्गाच्या दारावर ११४, नकाशात ११०. धुरात कुणी कसं शोधायचं? २०२२ मध्ये राज्याने शाळांच्या डिजिटल नकाशांसाठी ६५ लाख डॉलर जाहीर केले होते ना? मला खरंच झोप लागत नाही.

उत्तर: ताई, भिंतीवरचा नकाशा बाहेर पडण्यासाठी असतो. पोलिसांकडचा वेगळा: हवाई छायाचित्रावर मजल्याचा आराखडा, चौकटींची जाळी (ग्रिड), उत्तर दिशा, गॅस आणि वीज तोडायच्या जागा. तो निधी केंद्राच्या कोविड मदतीतला होता. बांधकाम बदललं की पुन्हा इमारतीत फिरून पडताळणी लागते. त्याचे पैसे बजेटमध्ये आहेत का, स्कूल बोर्डाला विचारा.

उत्तर: मी स्वयंसेवक अग्निशामक आहे. आम्ही इमारतीच्या बाजूंना ए, बी, सी, डी म्हणतो, ए म्हणजे दर्शनी. बाहेरच्या दारांवर मोठे नंबर आहेत का, तेही बघा. आत शिरताना पहिला आधार तोच.

मूळ प्रश्नकर्ती: धन्यवाद दादा. मागच्या दारावर नंबर नाही, आजच पाहिलं. मंगळवारी बोर्डाची मीटिंग आहे, फोटो घेऊन जातेय.