लाइन पेअर मोजून डीआर (डिजिटल एक्स-रे मशीन) घेणाऱ्यांनो, जरा इकडे या

खडूस_फिजिसिस्ट: एका ग्रुपवर आत्ताच ज्ञानामृत वाचलं, 'डीआर घेताना मिलिमीटरला किती लाइन पेअर दिसतात तेवढं बघा, डीक्यूई म्हणजे सेल्समनची धूळफेक.' अहो, लाइन पेअर म्हणजे एक रेघ आणि तिच्या शेजारची फट. शिशाच्या रेघांची पट्टी थेट डिटेक्टरवर ठेवायची, वर पेशंट नाही, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) नाही, एमएएस (एक्स-रेचा मारा) ढीगभर, मग कुठलंही मशीन रेघा दाखवणारच. १४० मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर साधारण साडेतीनच्या वर जाणार नाही हे घरी बसून काढता येतं, डेमो कशाला हवा? आलेल्या फोटॉनपैकी कामी किती आले ते विचारा, डीक्यूई साधारण तेच सांगतो. सेलेनियमच्या डिटेक्टरची धार झकास, मॅमोग्राफीला उत्तम, पण छातीच्या १२० केव्हीपीला (ट्यूबचं व्होल्टेज) बरेचसे फोटॉन आरपार जातात त्याचं काय?

सेंटरवाला: ती पोस्ट माझीच. आता डीक्यूई कसा मोजतात तेही सांगा की. आरक्यूए-५ नावाचा चाचणीसाठी ठरवलेला किरण, म्हणजे ७० केव्हीपीच्या आसपास, वाटेत २१ मिमी अॅल्युमिनियम, धार मोजायला टंगस्टनच्या पत्र्याची कड, स्कॅटर (विखुरलेले किरण) जवळजवळ नाहीच. १०० किलोचा पेशंट कुठाय यात? आणि छातीतली बारीक गाठ सुटते ती नॉइजमुळे कमी, फासळ्या-रक्तवाहिन्यांच्या गर्दीमुळे जास्त. मशीनचे हप्ते मी भरतो, तुमचा ग्राफ नाही भरत.

डार्करूमवाला: दोघंही एसीत बसून भांडा. डोस कमी पडला की इमेज दाणेदार, लगेच वरून फोन. दुप्पट मारला तर कोणी ब्र काढत नाही, सॉफ्टवेअर सगळं गुळगुळीत करून देतं. डेव्हिएशन इंडेक्स (डोस ठरलेल्यापेक्षा किती सरकला तो आकडा) +३ म्हणजे डोस दुप्पट, स्क्रीनवर लिहिलेलं असतं, बघतंय कोण? फिल्म होती तेव्हा निदान काळी पडायची, चोरी पकडली जायची.

अस्थिमित्र: माझ्याकडे पेशंट मोबाइल घेऊन येतो. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो, त्यात मागचं पंख्याचं पातंसुद्धा दिसतं. मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर असंच सुटलं एकदा, पोरगा क्रेप बँडेज बांधून क्रिकेट खेळत हिंडत होता. कसला डीक्यूई न् काय.

रेडिओबाई: मग फिल्म मागवायची होती! स्कॅफॉइड पहिल्या दिवशी चांगल्या फिल्मवरही कित्येकदा दिसत नाही, १०-१४ दिवसांनी परत काढतात, हे तुम्हाला मी सांगायचं? रिपोर्ट वाचायचा नाही आणि खापर फोटोवर.

अस्थिमित्र: रिपोर्ट म्हणजे ते 'क्लिनिकली कोरिलेट करा' ना? वाचलंय बाई, पाठ आहे.

रेडिओबाई: चिठ्ठीवर 'एक्स-रे रिस्ट' एवढंच खरडता, नेमकं कुठे दुखतंय ते नाही, पडला कसा ते नाही. स्कॅफॉइड व्ह्यू कोण मागणार, पेशंटची आई?

डार्करूमवाला: आणि व्ह्यू राहिला की शिव्या आम्हाला.

सेंटरवाला: फिल्मचे पैसे कोण देणार तेही बोला. पन्नास रुपये वाढवले की लोक समोरच्या सेंटरला जातात, म्हणून कागदावर प्रिंट. कागदावर फुप्फुस बघणाऱ्यांनी एमटीएफवर (इमेजच्या धारेच्या मापावर) बोलूच नये खरं तर, मीही त्यातलाच.

खडूस_फिजिसिस्ट: धाग्याचं पार वाटोळं केलंत. असो. स्कॅटरचा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. त्यासाठी इफेक्टिव्ह डीक्यूई असतो, फँटम (पेशंटच्या जागी ठेवायचा नमुना), ग्रिड, स्कॅटर सगळं धरून मोजलेला. तो मागा आणि सेल्समनचा चेहरा बघा.

सेंटरवाला: मागतो. 'हे काय असतं' म्हणाला तर तुमचा नंबर देतो, समजावत बसा.

अस्थिमित्र: ते होईल तेव्हा होईल. पेशंटबरोबर निदान सीडी तरी पाठवा.

रेडिओबाई: पाठवतो की. तुमच्या लॅपटॉपला ड्राइव्ह आहे का?