मदत हवी आहे: फॉग सर्व्हरवर बूट फाईल आहे, तरी मशीन म्हणतंय ‘फाईल नॉट फाउंड’

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलची कॉम्प्युटर लॅब मी बघतो. सगळ्या मशीनवर विंडोज टाकायचं काम आम्ही फॉग सर्व्हरवरून करतो (फॉग म्हणजे नेटवर्कवरून मशीन बसवायचं सॉफ्टवेअर). एकदा इमेज, म्हणजे तयार डिस्कची अख्खी नक्कल, तयार केली की नेटवर्कनं सगळीकडे जाते. मुलांना टायपिंगसाठी मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लागतो आणि कन्नडसाठी ‘नुडी’ हे सॉफ्टवेअरही लागतं, त्यामुळे एकेक मशीन हातानं बसवायचं म्हटलं तर सुट्टी पुरायची नाही. त्यात इकडे कर्नाटकात शाळा महाराष्ट्राच्या आधी उघडतात.

सर्व्हरचं उबंटू अपग्रेड झाल्यापासून एकही मशीन नेटवर्कवरून बूट (पीएक्सई) होत नाही. आयपी मिळतो, सर्व्हरचा पत्ताही बरोबर दिसतो आणि मग हे येतं:

पीएक्सई-टी०१: फाईल नॉट फाउंड
पीएक्सई-ई३बी: टीएफटीपी एरर

टीएफटीपी म्हणजे सर्व्हरवरून बूट फाईल पाठवणारी सेवा. पण फाईल तर आहे! ‘/टीएफटीपीबूट’ फोल्डरमध्ये ‘अनडीओन्ली.केपीएक्सई’ मला समोर दिसते, वाचायची परवानगीही सगळ्यांना आहे. आमच्या राउटरच्या डीएचसीपीत (मशीनला आयपी देणारी सेवा) ६६ आणि ६७ हे पर्याय, म्हणजे बूट सर्व्हरचा पत्ता आणि फाईलचं नाव, भरायची सोय नाही, म्हणून ते सांगायला त्याच सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्राम प्रॉक्सी म्हणून चालवतो. केबल बदलली, फायरवॉल बंद करून पाहिली, तेच. फॉगचं वेबपान मात्र उघडतं. सगळं पुसून फॉग पुन्हा टाकायचं धाडस होत नाही, कारण इमेज दुसरीकडे ठेवायला तेवढी मोठी डिस्क शाळेकडे नाही. नेमकं काय तपासू?

प्रतिसाद

सर, काही पुसू नका. एरर नीट वाचा, त्यातच उत्तर आहे. ई५३ आला असता तर फाईलचं नावच मशीनपर्यंत पोचलं नाही, म्हणजे दोष डीएचसीपीत. ई३२ आला असता तर सर्व्हरनं उत्तरच दिलं नाही, म्हणजे सर्व्हिस बंद किंवा यूडीपी ६९ पोर्ट अडलेला. तुम्हाला सर्व्हर उत्तर देतोय, ‘फाईल नाही’ म्हणून. म्हणजे तो भलत्याच फोल्डरमध्ये शोधतोय.

उबंटूवर टीएफटीपीडी-एचपीएचं (टीएफटीपी सेवा चालवणारं पॅकेज) मूळ फोल्डर ‘/एसआरव्ही/टीएफटीपी’ असतं. फॉग बसताना ते बदलून ‘/टीएफटीपीबूट’ करतं. अपग्रेडच्या वेळी पॅकेजची नवी सेटिंग फाईल घेतली गेली की फॉगची ओळ जाते. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/टीएफटीपीडी-एचपीए’ उघडून ‘टीएफटीपी_डिरेक्टरी’ची ओळ बघा की. दुरुस्त करून सर्व्हिस रीस्टार्ट करा. मग लॅबमधली मशीन चालू-बंद करत बसण्याआधी त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या लिनक्स लॅपटॉपवरून टीएफटीपीनं ती फाईल ओढून बघा. तिथे आली तर मशीनवरही येणार. आणि डीएनएसमास्कचा स्वतःचा टीएफटीपी चालू ठेवू नका, एकाच ६९ पोर्टवर दोघांचं जमत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सापडलं सर! ओळीत ‘/एसआरव्ही/टीएफटीपी’च होतं. आता जुन्या मशीनवर फॉगचा मेनू येतोय, खूप आभार. पण यंदा देणगीतून आलेली नवी मशीन अजून अडतात. फाईल उतरली असं दाखवतात आणि लगेच बूट मेनूत परत येतात. एरर काहीच नाही.

प्रतिसाद

ती यूईएफआयवाली असणार. मशीन सुरू करणारं जुनं फर्मवेअर म्हणजे बायोस, नवं म्हणजे यूईएफआय. ‘अनडीओन्ली.केपीएक्सई’ फक्त जुन्या बायोससाठी आहे. नव्यांना ‘आयपीएक्सई.ईएफआय’ द्या, ती अडली तर ‘एसएनपीओन्ली.ईएफआय’. मशीन आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ पर्यायात सांगतं: बायोस असेल तर ०, ६४ बिट यूईएफआय असेल तर ७. त्याप्रमाणे डीएनएसमास्कमध्ये दोघांसाठी वेगळ्या ओळी लिहा, म्हणजे दर वेळी फाईलचं नाव बदलावं लागणार नाही. नव्या मशीनवर सिक्युअर बूट (सही नसलेली बूट फाईल अडवणारी सेटिंग) बंद ठेवा.

अजून एक, आणि हे आधीच ठरवून घ्या: तुमची इमेज जुन्या बायोस मशीनवरून घेतलेली असेल तर ती यूईएफआयवर उतरेल, पण विंडोज सुरू होणार नाही. नव्या मशीनपैकी एकावर विंडोज, इनस्क्रिप्ट आणि नुडी बसवून त्यांची वेगळी इमेज घ्यावी लागेल.