संत्र्याच्या पॅकिंग शेडमध्ये रोबोटला जाळी हवी की नको?

आयटीआय निदेशक, मोर्शी: वरुडजवळच्या आमच्या शेडमध्ये क्रेट रचण्यासाठी कोबॉट, म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारा यंत्रहात, घेण्याचे घाटत आहे. माझ्या मते माणसे दूर ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जाळीवर खर्च करण्याचे कारण नाही. ठरलेल्या हालचालीला प्रत्येक सांध्याच्या मोटरने किती करंट घ्यावा याचा हिशेब कंट्रोलर सतत करत असतो आणि प्रत्यक्ष करंट त्या हिशेबाबाहेर गेला, की काहीतरी आडवे आले असे समजून रोबोटचा हात थांबवतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १५०६६ क्रमांकाच्या २०१६ मधील तांत्रिक निर्देशात दाबाखाली सापडलेल्या माणसाच्या पंजासाठी १४० न्यूटन, तर चेहऱ्यासाठी ६५ न्यूटन अशा बलाच्या मर्यादाही दिलेल्या आहेत.

मेंटेनन्स फिटर, बुटीबोरी: सर, तो टेकल्यानंतर थांबतो, टेकण्याआधी नव्हे. शिवाय करंटमध्ये गिअरबॉक्सचे घर्षणही मिसळलेले असते आणि ते ग्रीसच्या तापमानाप्रमाणे बदलते. आंबिया बहराच्या तोडणीच्या, थंडीच्या दिवसांत पहाटे ग्रीस घट्ट असते. हात कशालाही न लागता थांबतो, ऑपरेटर वैतागून हात थांबण्याची करंटची मर्यादा वाढवतो आणि दुपारी ग्रीस सैल झाल्यावर ती वाढीव मर्यादा तशीच राहते. मी काम करतो तिथे हेच झाले. खांबाला लागलेला प्लॅस्टिकचा क्रेट कोपऱ्यात पार चेपला, मग हात थांबला. तिथे माणसाचा पंजा असता तर?

निदेशक: तो दोष करंटवरून अंदाज बांधण्याचा आहे. गिअरबॉक्सच्या पुढे, प्रत्येक सांध्यात टॉर्क सेन्सर, म्हणजे सांध्यावरचा पीळ थेट मोजणारा सेन्सर, असलेला हात घेतला तर घर्षणाचा हा घोळ बहुतांशी टळतो. मनगटापाशी एकच सेन्सर बसवणे मात्र अपुरे, कारण कोपर कोणाला लागले तर त्याला ते कळत नाही.

बागायतदार, वरुड: १४० न्यूटन म्हणजे साधारण १४ किलोचा भार. तळहातावर तो सोसेल. क्रेटच्या कडेखाली बोट सापडले तर तोच भार नखाएवढ्या जागेवर येतो, म्हणून त्या निर्देशात बलासोबत दाबाचीही मर्यादा आहे. वेग निम्मा केला तर धडकेची ऊर्जा चौथाईवर येते हे मान्य, पण फाटकात ट्रक उभे असताना निम्म्या वेगाने काम कसे उरकायचे? जाळी लावली तर हात पूर्ण वेगाने चालवता येईल. माझ्या हिशेबाने जाळीच स्वस्त.

निदेशक: वेगाचा मुद्दा मी धरला नव्हता. तरी रिकामे क्रेट ठेवण्याची बाजू उघडीच लागेल, तिथे माणूस जाणारच. त्या बाजूला माणूस आला की वेग आपोआप उतरवणारा लेझर स्कॅनर बसवता येईल. भरलेल्या क्रेटसह, पहाटे आणि दुपारी असे दोनदा बल मोजून दाखवा, असे विक्रेत्याला लेखी कळवतो.

फिटर: आणि मर्यादा बदलण्याचा पासवर्ड ऑपरेटरला देऊ नका.