ओपनएसएसएल सोर्समधून बिल्ड करायचंय, आहे त्याच लॅपटॉपवर. सल्ला हवा

उंबरठा:
नमस्कार मंडळी. सर्टिफिकेटच्या फाइलला देवनागरी नाव दिलं की ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची कमांड माझ्या विंडोजवर ती फाइल उघडतच नाही. नाव रोमनमध्ये केलं की लगेच उघडते. मैत्रिणीच्या लिनक्सवर देवनागरी नावानेही उघडते. नेमकं कुठे बिनसतंय ते डीबगरमध्ये एकेक ओळ पुढे सरकत बघायचं आहे, आणि चूक लायब्ररीची निघाली तर दुरुस्ती पाठवायची आहे.
मशीन: विंडोज १०, रॅम ८ जीबी, ३० जीबी जागा मोकळी. नवीन काही घेणार नाही, सध्या शक्यच नाही. सी येतं, मेकफाइल वाचता येते, पर्लला कधी हात लावलेला नाही. कुठून सुरुवात करू?

दणकट_बिल्ड:
८ जीबीमध्ये जीव नकोसा होईल. मी दोन वर्षं तसंच ढकललं, मग ३२ जीबी आणि १६ कोअरचं मशीन घेतलं. आता ओपनएसएसएल चहा गाळेपर्यंत बिल्ड होतं. निदान रॅम तरी वाढवाच, पुढे कामालाच येईल.

उंबरठा:
घेणार नाही असं वर लिहिलंय हो.

टर्मिनल_उघडं:
डब्ल्यूएसएल टाका, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालतं, त्यात उबुंटू. कंपायलर, मेक आणि पर्ल एका ओळीत बसतं. मग गिटवरून क्लोन, कॉन्फिगर, मेक, मेक टेस्ट. झालं. एकच सांगतो: क्लोन लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच करा, सी ड्राइव्हवर करू नका. मी सी ड्राइव्हवर केलं होतं. एकेक फाइल वाचताना इतका रेंगाळायचा की बिल्ड अडकलाय असं वाटून मी दोनदा बंद केला.

जुनी_जखम:
डब्ल्यूएसएल असो की काही असो, मेक इन्स्टॉल करण्याआधी थांबा. प्रीफिक्स म्हणून (म्हणजे इन्स्टॉल कुठे करायचं ते फोल्डर) सिस्टमचं यूएसआर फोल्डर कधीही देऊ नका. मी एका चालत्या सर्व्हरवर दिलं होतं. सिस्टमच्या लायब्ररीवर माझी लायब्ररी जाऊन बसली. एसएसएचने 'ओपनएसएसएल व्हर्जन मिसमॅच' एवढं लिहिलं आणि दार लावलं. सर्व्हर लांब, आत जायचा दुसरा रस्ता नाही. रात्रभर माणूस शोधत होतो जो तिथे जाऊन कीबोर्ड जोडेल.
स्वतःच्या होममध्ये एक वेगळं फोल्डर करा आणि कॉन्फिगरला प्रीफिक्स आणि ओपनएसएसएलडिर हे दोन्ही पर्याय तिथलेच द्या. नुसता प्रीफिक्स बदलून भागत नाही, सेटिंगची फाइल आणि सर्टिफिकेटं कुठे शोधायची ते दुसरा पर्याय ठरवतो. मग बायनरी चालवताना 'लिबएसएसएल सापडत नाही' असं आलं तर घाबरू नका, लोडरला नवं फोल्डर माहीत नसतं. आरपाथ देऊन बिल्ड करा, म्हणजे ते फोल्डर बायनरीतच लिहिलं जातं.

मूळमुद्दा:
मुळात ओपनएसएसएलच का? हार्टब्लीड ही त्यातली मोठी चूक विसरलात का? १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता मेमरी परत पाठवत होत्या. २०१४ मध्ये ते उघड झालं आणि त्याच वर्षी ओपनबीएसडीच्या लोकांनी लिब्रेएसएसएल वेगळं काढलं, गूगलने बोरिंगएसएसएल. शिकायचंच तर साफ कोड वाचा.

अर्धविराम:
@मूळमुद्दा, बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या कोडवर आजही तेच वाक्य? ३.० आलं २०२१ मध्ये, अल्गोरिदम वेगवेगळ्या प्रोव्हायडरमधून घ्यायची रचना नवी, परवाना अपाचे २.० झाला. आणि बोरिंगएसएसएलवाले स्वतःच सांगतात की बाहेरच्यांनी त्यावर अवलंबून राहू नये, एपीआय, म्हणजे बाहेरून वापरायची फंक्शन्स, कधीही बदलेल.

मूळमुद्दा:
रचना नवी म्हणजे कोड साफ असं होत नाही. ३.० नंतर माझा प्रोग्राम हळू झाला, तो मी स्वतः मोजला आहे.

डबाबंद:
कंटेनर वापरा, सिस्टमपासून वेगळा. बिघडला की फेकायचा, दुसरा उभा करायचा. मी गेली कित्येक वर्षं माझ्या सिस्टमवर कंपायलरसुद्धा टाकलेला नाही.

सुटसुटीत:
डब्ल्यूएसएलला +१. आणि सी ड्राइव्हवर क्लोन करू नका.

तळघर:
कोणी प्रश्न नीट वाचला का? त्यांची अडचण फक्त विंडोजवर येते. सोर्समध्ये क्रिप्टो फोल्डरात ओ_एफओपन नावाची छोटी फाइल आहे, फाइल उघडायचं काम तिथे होतं. त्यात विंडोजचा भाग वेगळा आहे: नाव आधी यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीतलं समजून विंडोजच्या रुंद (युनिकोड) अक्षरांत बदलायचं, ते नाही जमलं तर साध्या पद्धतीने उघडायचं. हा भाग 'विन३२' च्या अटीत आहे. डब्ल्यूएसएलमध्ये किंवा लिनक्सच्या कंटेनरमध्ये बिल्ड केलं तर त्या ओळी कंपाइलच होणार नाहीत. ब्रेकपॉइंट, म्हणजे डीबगर थांबवायची खूण, लावणार कशावर?
माझं मत, विंडोजवरच चालणारं एमसिस२ घ्या आणि त्यातल्या मिंगडब्ल्यू६४ कंपायलरने बिल्ड करा. जीडीबी डीबगर तिथेच मिळतो, जागा कमी लागते.

जुनी_जखम:
हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे.

वैतागवाडी:
विंडोजवर करायचंच तर मिंगडब्ल्यूच करा, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओच्या वाटेला जाऊ नका. माझा अख्खा आठवडा गेला. कॉन्फिगरला पर्ल लागतो, आणि गिटबरोबर येणारा चालत नाही, त्याचे पाथ युनिक्ससारखे असतात. स्ट्रॉबेरी पर्ल टाकला तरी पाथमध्ये गिटचाच आधी सापडत होता, ते कळायलाच दोन दिवस. मग एनएएसएम हा असेंब्लर सापडेना. तो इन्स्टॉलर पाथमध्ये स्वतःला घालत नाही, आपण घालायचा. घालायचा नसेल तर कॉन्फिगरला नो-एएसएम द्या, फक्त क्रिप्टो हळू चालेल. मग लिंकर बोंबलायला लागला, एक्स८६ आणि एक्स६४ जुळत नाहीत म्हणून. का, तर मी साधा डेव्हलपर प्रॉम्प्ट उघडला होता. 'एक्स६४ नेटिव्ह टूल्स' असं लिहिलेला वेगळा असतो, तोच उघडावा लागतो. शेवटी इन्स्टॉल करताना परवानगी नाही, कारण वेगळं फोल्डर न सांगितल्यास तो प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन बसतो. आणि मेकच्या जागी असलेला एनमेक एका वेळी एकच फाइल घेतो. पुन्हा कधीही नाही.

दणकट_बिल्ड:
एकेक फाइल म्हणजे ८ जीबीवर दिवस जाईल. म्हणूनच म्हणत होतो.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. बराच विचार करून व्हिज्युअल स्टुडिओच घेतला. मला जी कमांड दगा देते ती त्याच कंपायलरने बांधलेली आहे, तेव्हा बघायचं तेही तिथेच.
@वैतागवाडी, तुमचा प्रतिसाद कागदावर उतरवून एकेक ओळ खोडत गेले. इन्स्टॉलरमध्ये सी++ चा डेस्कटॉप भाग तेवढाच निवडला. पाथमध्ये स्ट्रॉबेरी पर्ल सगळ्यात वर ठेवला. कॉन्फिगरला व्हीसी-विन६४ए (६४-बिट विंडोजचं टार्गेट), डीबगचा पर्याय आणि माझ्याच फोल्डरातला प्रीफिक्स दिला. एनमेकला चाळीस मिनिटं लागली, तेवढ्यात जेवून घेतलं. एनमेक टेस्ट रात्री लावून झोपले. सकाळी शेवटच्या ओळींत 'ऑल टेस्ट्स सक्सेसफुल' दिसलं, खूप बरं वाटलं.
मग ओ_एफओपनवर ब्रेकपॉइंट लावला. थांबला तेव्हा नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, मागे टिंब पेम हे एक्स्टेन्शन. म्हणजे फाइल उघडायच्या कितीतरी आधी, कमांडलाइनवरून आत येतानाच देवनागरी गेलेली. लायब्ररीच्या माथी उगाच मारत होते मी.

तळघर:
छान शोधलंत. मराठीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) नाहीच, म्हणून साध्या मेन फंक्शनमधून येणाऱ्या नावाची प्रश्नचिन्हं होतात. ॲप्सच्या फोल्डरात विन३२_इनिट ही फाइल बघा. तिथे कमांडलाइन यूटीएफ-८ मध्ये वाचायची सोय आहे, पण एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावल्याशिवाय ती जागी होत नाही. नाव: ओपनएसएसएल, विन३२, यूटीएफ८. तिन्ही सलग, मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोअर.

उंबरठा:
लावलं. उघडली! 'दाखला टिंब पेम', नाव जसंच्या तसं. त्या फंक्शनमध्येही ब्रेकपॉइंट लावून दोनदा बघितलं.
कोडमध्ये आता दुरुस्ती करण्यासारखं काही उरलं नाही. पण हे व्हेरिएबल कळायला मला पूर्ण बिल्ड करावा लागला. मॅन्युअलमध्ये याबद्दल काय लिहिलंय ते आता वाचते, चार ओळी स्पष्ट करता आल्या तर पाठवीन. त्यासाठी करार वगैरे भरावा लागतो का?

अर्धविराम:
सीएलए नावाचा योगदानाचा करार भरावा लागतो, एकदाच. अगदी किरकोळ बदल असेल तर कमिटच्या मजकुरात 'सीएलए: ट्रिव्हियल' अशी ओळ घातली तरी चालते. चार ओळी किरकोळ धरतील की नाही ते बघणारे ठरवतील, त्यामुळे भरूनच टाका.

सुटसुटीत:
मी अजूनही म्हणेन, डब्ल्यूएसएल.