मदत हवी आहे: पाड्यावरच्या शाळेसाठी स्वस्तातले लॅपटॉप, घ्यावं तरी काय?

पायथ्याचा_मास्तर

मंडळी, नमस्कार. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे मी तिसरी ते पाचवीला शिकवतो. पोरं बहुतेक पावरा आणि तडवी. गावातल्या केळीवाल्यांनी आणि सुरतेला कामाला असलेल्या मंडळींनी मिळून साठेक हजार जमवून दिलेत. अट एकच, पोरांसाठी कॉम्प्युटर घ्यायचे. "बाकी तुम्ही पाहा सर."

आता परिस्थिती ऐका. वीज शेतीच्या फीडरवरची. कधी दिवसा, कधी रात्री. शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू झाली की वर्गातली ट्यूब मिचमिचते. छत पत्र्याचं, त्यामुळे मार्चपासून दुपारचा वर्ग कडुनिंबाखाली भरतो. तिथे माझा लॅपटॉप उघडला की स्क्रीनवर धड्याऐवजी माझंच तोंड दिसतं. रेंज पाहिजे तर टेकडीवर जा.

मागे एका देणगीतून टॅब आले होते, ते कपाटात आहेत. एकाची बॅटरी इतकी फुगली की मागचं झाकण उचकटून वर आलं. दुकानदार म्हणाला, "सर, याची स्क्रीन टाकायची तर नवा टॅबच घ्या ना."

तो मुलांसाठीचा हिरवा-पांढरा शंभर डॉलरचा लॅपटॉप अजून कुठे मिळतो का? नाहीतर रास्पबेरी पाय ४०० (कीबोर्डातच बसवलेला छोटा कॉम्प्युटर) घ्यावा की जुने ऑफिसचे लॅपटॉप? जाणकारांनी सांगावं.

सोल्डरवाला_भुसावळ

सर, तो एक्सओ. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पासाठी २००५ साली जाहीर केलेला. शंभर डॉलरला काही तो कधी बसला नाही, २००७ च्या शेवटी कारखान्यातून निघायला लागला तेव्हा किंमत दोनशेच्या आसपास गेली होती. ट्युनिसमध्ये दाखवलेल्या नमुन्याला चार्जिंगसाठी हाताने फिरवायचा दांडा होता, तोही पुढे काढून टाकला. आता जुना मिळाला तरी घेऊ नका. २५६ एमबी रॅमवर आजचं काही चालत नाही.

पण त्याचं डिझाइन समजून घ्या, कारण तुमच्या सगळ्या तक्रारी त्या लोकांनी गृहीत धरल्या होत्या. त्याच प्रकल्पातल्या मेरी लू जेप्सन यांनी केलेली स्क्रीन दोन तऱ्हेने चालायची: सावलीत मागच्या दिव्यावर रंगीत, उन्हात दिवा बंद करून कृष्णधवल. ऊन जितकं कडक तितकी अक्षरं स्पष्ट, आणि दिवा बंद म्हणून वीजही वाचायची. पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही. कीबोर्ड रबरी पडद्याचा, धूळ-पाणी आत जायला फट नाही. साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडायचा, वर जादा स्क्रू आतच ठेवलेले! आपल्याकडे टॅब उघडायला हेअर ड्रायरने गोंद वितळवावा लागतो.

पाय ४०० चांगली चीज आहे, पण तुमच्या फीडरवर नको. त्याला स्वतःची बॅटरी नाही. चालू असताना लाइट गेली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, आणि तुमच्याकडे ती रोजच जाणार. शिवाय मॉनिटर वेगळा लागतो. पाय पाच-सहा वॅट खातो, पण मॉनिटर त्याच्या तिप्पट, म्हणजे वाचवलेली वीज तिकडे गेलीच.

माझं मत: एसएसडीवाले (फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी चिपची डिस्क असलेले) जुने ऑफिसचे लॅपटॉप घ्या, चकचकीत नाही, मॅट स्क्रीनचे. बारा-पंधरा हजारांत बरा मिळतो. तीनच घ्या. उरलेल्या पैशात सोलर पॅनल, १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर. हिशोब सोपा आहे: १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे. लॅपटॉपला वीस-पंचवीस वॅट धरा, तीन लॅपटॉप तीन-चार तास चालून वर पंखाही फिरेल.

खान्देशी_गडी

एवढ्या भानगडीपेक्षा एक मोठा टीव्ही लावा ना भो.

सोल्डरवाला_भुसावळ

टीव्ही लावला की पोरं बघत बसतात. हात कुठे चालतो त्यांचा?

तोरणमाळकर

सर, मशीन ठरेल हो, आत काय टाकणार ते आधी ठरवा. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने साडेआठ लाखांच्या आसपास एक्सओ वाटले. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचा कॉम्प्युटर वापर भरपूर वाढला, गणित आणि भाषेत मात्र फरक दिसला नाही. इंटरनेट जवळपास कुठेच नव्हतं. आपल्याकडेही कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये हेच लॅपटॉप आले होते, म्हणजे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

तुम्हाला नेट नसल्याने सगळं जळगावातून भरून न्या. किविक्स या फुकट ॲपवर मराठी विकिपीडिया ऑफलाइन मिळतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ आहेत. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या साइटवरच्या मराठी गोष्टी उतरवून घेता येतात, आणि परवाना खुला असल्याने त्याच चित्रांवर पोरांच्या पावरी बोलीतला मजकूर टाकता येतो. पाचवीच्या पोरांकडून हेच करून घ्या. घरी आजीला विचारून वाक्य आणायचं, शाळेत टाइप करायचं. माझ्या मते तीन लॅपटॉपला हे काम पुरून उरेल.

पायथ्याचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. पावरीची कल्पना फारच आवडली, चौथीतली एक मुलगी तर गोष्टींचं गाठोडंच आहे. लॅपटॉपचं जवळपास ठरलं. उन्हासाठी तूर्त खोक्याचा आडोसा करून बघतो. एक शंका: मे महिन्यात शाळा बंद, खोली भट्टी होते. लॅपटॉप फुल चार्ज करून कपाटात ठेवले तर चालतील का?

सोल्डरवाला_भुसावळ

अजिबात नको, टॅबची बॅटरी तशीच फुगली असणार. लिथियम बॅटरीला फुल चार्ज आणि उष्णता एकत्र सोसत नाही. चाळीस-पन्नास टक्क्यांवर बंद करा आणि पत्र्याच्या खोलीत ठेवूच नका, गावात कोणाचं मातीचं धाब्याचं घर असेल तिथे जमिनीलगत ठेवा. पंचेचाळीसच्या वर पारा असताना चार्जिंगला लावू नका. आणि घेताना प्रत्येकाच्या बॅटरीची हेल्थ बघून घ्या, दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका. भुसावळला येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोबत येतो.