मदत हवी आहे: वि. म. दांडेकरांची सायटेशन्स मोजायची कशी?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजात महाराष्ट्रातल्या अर्थतज्ज्ञांवर छोटी पुस्तिका निघतेय आणि माझ्या वाट्याला वि. म. दांडेकर आलेत. लिहायला काहीच हरकत नाही, पण सरांनी सगळ्यांना एकच तक्ता दिलाय, एकूण प्रकाशनं, एकूण सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा संदर्भ दिला), एच-इंडेक्स (१० असेल तर किमान दहा-दहा वेळा संदर्भ मिळालेली दहा कामं). आता एच-इंडेक्स हिर्शने काढला २००५ साली आणि दांडेकर गेले १९९५ मध्ये. गूगल स्कॉलरचं, म्हणजे शोधनिबंध शोधायच्या साइटवरचं, प्रोफाइल ज्याचं त्याने बनवायचं असतं, तेव्हा आयता आकडा मिळायचा नाही, म्हणून नावाने सर्च मारत बसलेय आणि डोकं आऊट झालंय.

नीलकंठ रथांबरोबरचं गरिबीवरचं काम घ्या. ईपीडब्ल्यूत, म्हणजे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात ते १९७१च्या जानेवारीत दोन भागांत आलं, २ आणि ९ तारखेच्या अंकांत, आणि त्याच वर्षी पुस्तकही निघालं. म्हणजे भाग एक वेगळा, भाग दोन वेगळा, पुस्तक वेगळं, त्यात रथांच्या नावाच्या स्पेलिंगला शेवटचा 'ए' कुणी लावतं कुणी नाही म्हणून आणखी फुटकळ नोंदी. सगळं एक धरलं तर एच-इंडेक्स घसरू शकतो, वेगळं धरलं तर ज्याने लेख आणि पुस्तक दोन्हींचा संदर्भ दिलाय तो दोनदा मोजला जातो. शिवाय नुसतं आडनाव टाकलं की कुमुदिनी दांडेकरांची लोकसंख्येवरची कामंही मिसळतात. १९५३चं पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंचं सर्वेक्षण दोघांच्या नावावर आहे, ते घ्यायचंच, पण बाकीचं तांदूळ निवडल्यासारखं निवडावं लागतंय.

आणि खरं खटकतंय ते पुढेच आहे. १९८३ला राज्यातल्या विभागीय असमतोलावर नेमलेली दांडेकर समिती, ८४चा अहवाल, ३,१८६ कोटींचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासातली तूट. विदर्भ-मराठवाड्याचा विषय निघाला की विधानसभेत काय, पेपरात काय, हेच नाव, पण यातलं सायटेशन म्हणून काय मोजलं जातं? पीक विम्याचंही तेच, एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत न बसता त्या भागाचं सरासरी उत्पादन बघून भरपाई द्या ही त्यांची मांडणी, १९७९च्या प्रायोगिक योजनेत आणि ८५च्या सर्वंकष योजनेत तीच पद्धत आली. सरकारी जीआरला तळटीपा थोड्याच असतात!

कुणी असं काम केलंय का? तक्ता भरू कसा?

*

पुस्तककिडा: पब्लिश ऑर पेरिश नावाचं हार्झिंग बाईंचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. डेटा स्कॉलरचाच घेता येतो, पण नको त्या नोंदींची टिक काढता येते आणि एकच काम दोनदा आलं असेल तर एक ओळ ओढून दुसरीवर टाकायची, एच-इंडेक्स लगेच बदलून दिसतो. स्पेलिंगच्या भानगडी तेवढ्या एकत्र करा, लेखाचे दोन भाग आणि पुस्तक वेगळंच ठेवा आणि तसं केलंय हे खाली लिहा. कुठल्या तारखेला बघितलं तेही लिहा, स्कॉलरचे आकडे सारखे हलत असतात. रिपेकच्या (अर्थशास्त्रातल्या लेखांची ऑनलाइन सूची) रँकिंगमध्ये शोधत बसू नका, तिथे लेखकाने स्वतः नोंदणी करून आपले पेपर क्लेम करायचे असतात.

तळटीप: मी तर म्हणेन एच-इंडेक्स छापूच नका. दारिद्र्यरेषेवर लिहिणारा आज बहुतेक वेळा तेंडुलकर समितीपासून, म्हणजे २००९पासून सुरुवात करतो, फार तर १९९३च्या लकडावाला समितीपर्यंत मागे जातो. माणशी रोज २२५० कॅलरी धरून १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, हा हिशोब दांडेकर-रथांचा, पण तो इतका मुरलाय की नाव घ्यायची गरजच कुणाला वाटत नाही. गाजलेल्या कामाचं हे नेहमीचंच. तक्त्यात 'धोरणात कुठे वापरलं' असा एक रकाना वाढवा, त्यात अनुशेष आणि पीक विमा दोन्ही बसतील.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय, कुमुदिनीबाईंच्या नोंदी आत्ताच बाजूला काढल्या. रकान्याचं सरांना विचारते, ते तक्त्याला हात लावू देतील असं वाटत नाही, पण खाली टीप म्हणून तरी घुसवीनच. आता एकच, १९८४च्या अहवालाची छापील प्रत बघायचीय, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसू देतात का? कॉलेजचं पत्र लागतं का?