मदत हवी आहे: हास्केलमध्ये फोल्ड (यादीवर फिरून एक निकाल जमवणं) मधेच थांबवायचा आहे, तोही मेमरी न फुगवता

आळशीपणे (म्हणजे लागेल तेवढ्याच) वाचल्या जाणाऱ्या यादीतल्या १ कोटी डबल (दशांश) आकड्यांची सरासरी एकाच फेरीत काढायची आहे. ऋण आकडा दिसताच तिथेच थांबून त्याचा क्रमांक परत द्यायचा. जीएचसी (हास्केलचा कंपायलर) ९.४, ओ२ (त्याचा ऑप्टिमायझेशनचा पर्याय), बेस या मूळ लायब्ररीबाहेरचं पॅकेज चालणार नाही, त्यामुळे व्हेक्टर किंवा कॉन्ड्युइट ही पॅकेजेस कृपया सुचवू नका.

सम आणि लेंग्थ वेगळे चालवले की अख्खी यादी मेमरीत अडकते, कारण दुसऱ्या फेरीसाठी ती धरून ठेवावी लागते. फोल्डएल-प्राइममध्ये (दर पायरीला निकाल लगेच काढणारा फोल्ड) बेरीज-मोजणीची जोडी फिरवली, तर जोडीचा फक्त बाहेरचा कन्स्ट्रक्टर उलगडतो. आतले घटक थंक (न काढलेली, पुढे ढकललेली गणितं) बनून साचतात. ओ२ हे सावरून घेईलच याची खात्री नाही, जीएचसीआयमध्ये (जीएचसीच्या इंटरप्रिटरमध्ये) तर हमखास फुगतं. दोन्ही घटकांवर बँग पॅटर्न (किंमत लगेच काढायला लावणारी ! खूण) लावल्यावर मेमरी सपाट झाली. पण हा फोल्ड यादी संपेपर्यंत थांबतच नाही!

आता फोल्डएम (मोनॅडमधला फोल्ड) आणि आयदर (लेफ्ट किंवा राइट यांपैकी एक किंमत धरणारा प्रकार) वापरतोय: ऋण आकड्याला लेफ्ट, नाहीतर राइटमध्ये नवी जोडी, बँग तसेच. थांबतं अगदी बरोबर. रिकामी यादी वेगळी हाताळली आहे, आणि दशांशातल्या अचूकतेचा प्रश्न इथे नाही.

अडलंय ते एवढंच. फोल्डएम आतून फोल्डआरवरच बांधलेला आहे, मग ओ२ला दर पायरीचा राइट आणि जोडी खरोखर नाहीशी होतात का? आरटीएसच्या (हास्केलच्या रनटाइमच्या) एस पर्यायात एकूण ॲलोकेशन दिसतं, पण त्यात यादीचे सेलही मिसळलेले असतात. कोअरमध्ये (जीएचसीच्या मधल्या टप्प्यावरच्या कोडमध्ये) नेमकं काय शोधू? की बेरीज आणि मोजणी वेगवेगळे आर्ग्युमेंट म्हणून घेणारं फंक्शन फोल्डआरनेच बांधणं जास्त भरवशाचं?